हिरवी तार तोडू नका, जस्त राखा



शेतीखात्याचा माणूस बोटीवर काय लिहिणार, असा प्रश्न आपल्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. पण घिवलीपासून सातपाटीपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर शेत आणि दर्या यांच्यामध्ये कुंपण नाही. एकाच घरातला एक भाऊ भाताच्या खाचरात असतो आणि दुसरा होडीवर. बांधावर उभं राहून खोडकिडीची चौकशी करायला गेलो तरी बोलणं शेवटी डिझेल, जाळं आणि इंजिन यांच्यावर येतंच. शिवाय २०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. तेव्हा बोटीची गोष्ट शेतीच्या पानावर आली, तर कुणी नाक मुरडू नये.

खाडीकाठच्या एका गावात पिकाची पाहणी करून परतत होतो. जेटीवर एका बोटवाल्याने हाक मारली. त्याच्या हातात जस्ताचा ठोकळा होता, म्हणजे ठोकळ्याचं जे काही उरलं होतं ते. मुंग्या लागलेल्या गुळाच्या ढेपेसारखी त्याची दशा झाली होती. "साहेब, हा वर्षभर पुरायचा. या खेपेला चार महिन्यांत संपला. आणि पंख्याचा रंगही बदललाय बघा." पितळी पंखा काही ठिकाणी गुलाबी-तांबूस पडला होता. मधल्या काळात नवीन काय केलं, असं विचारलं. उत्तर आलं, बॅटरीसाठी बोटीतच चार्जर बसवलाय, जेटीवरच्या खोलीतून वायर आणलीय, आणि बोट धक्क्याला असली की वायर लागलेलीच असते.

इथवर ठीक होतं. पुढचं ऐकून मात्र अंगावर काटा आला. कुणा 'जाणकारा'ने त्याला सल्ला दिला होता की, त्या वायरीतली हिरवी तार कापून टाक, तुझं जस्त वाचेल. आणि खरं सांगायचं तर, तो जाणकार अर्धा बरोबर होता. हिरवी तार कापली तर जस्त वाचतं. पण जस्त वाचवायच्या नादात माणूस जाऊ शकतो. आजचा लेख लिहिण्याचं कारण एवढंच.

खारं पाणी आणि दोन धातू

आधी जस्त का झिजतं ते समजून घेऊ. बॅटरीचा (टॉर्चचा) साधा सेल आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याचं बाहेरचं पत्र्याचं भांडं जस्ताचं असतं. सेल वापरता वापरता ते भांडं आतून खाल्लं जातं आणि जुना सेल फुटून बॅटरी खराब करतो. वीज मिळते ती जस्त खर्ची पडतं म्हणून.

समुद्रात उभी असलेली बोट म्हणजे असाच एक सेल. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते विजेला वाट देतं. त्यात बोटीचा पंखा ब्राँझचा किंवा पितळेचा, शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा, सुकाणाचं सामान लोखंडाचं. वेगवेगळे धातू एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले, आणि इंजिनामार्फत एकमेकांना जोडलेले. धातूंचीही एक उतरंड असते. समुद्राच्या पाण्यात जस्त सर्वांत खाली, त्याच्यावर ॲल्युमिनियम, मग लोखंड, मग पितळ-ब्राँझ-तांबं, आणि वर स्टेनलेस स्टील. दोन धातू जोडले गेले की उतरंडीत जो खाली, तो खाल्ला जातो आणि वरचा वाचतो. जस्त आणि ब्राँझ यांच्यात साधारण पाऊण व्होल्टचा फरक असतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हा पाऊण व्होल्ट रात्रंदिवस, बारा महिने काम करत असतो. त्याला सुट्टी नाही.

म्हणूनच आपण बोटीच्या तळाला मुद्दाम जस्ताचा ठोकळा लावतो. तो स्वतः झिजतो आणि पंखा, शाफ्ट, सुकाण यांना राखतो. हीच युक्ती शेतकऱ्यांच्याही रोजच्या ओळखीची आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्रा, जीआय पाइप, कुंपणाची तार यांवरचा जस्ताचा मुलामा हेच काम करतो. विहिरीवरच्या जीआय पाइपला पितळी व्हॉल्व्ह लावला, की सांध्यालगतचा पाइप आधी गंजतो, हे आपण पाहिलं असेल. पाणी मचूळ असेल तर जास्तच लवकर. कारण तेच, उतरंड.

हे ज्ञान फुकट आलेलं नाही. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा मारला. दोनेक वर्षांनी तपासणी झाली तेव्हा तांबं शाबूत होतं, पण ते ठोकायला वापरलेले लोखंडी खिळे अनेक ठिकाणी खाल्ले गेले होते. काही खिळे मात्र धड निघाले. शोध घेतला तर तांब्याचे पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले होते, तो कागद तिथे अडकून राहिला होता. कागदाने तांबं आणि लोखंड यांची गाठ पडू दिली नाही, म्हणून खिळे वाचले. दोन धातूंमधली वाट तोडली की झीज थांबते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

वायर लावली की काय होतं

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बोट एकटी उभी असते तेव्हा तिचं जस्त फक्त तिच्याच पंख्याला राखतं. किनाऱ्यावरून तीन तारांची वायर आणली की चित्र बदलतं. त्यातल्या दोन तारा वीज आणतात आणि नेतात. तिसरी हिरवी तार म्हणजे अर्थिंग. ती चार्जरच्या धातूच्या पेटीला जोडलेली असते, पेटी इंजिनाला, इंजिन शाफ्टला आणि शाफ्ट पाण्यातल्या पंख्याला. दुसऱ्या टोकाला तीच हिरवी तार जेटीवरच्या अर्थिंगला जाते. आणि त्याच अर्थिंगला शेजारच्या बोटीची हिरवी तारही जोडलेली असते.

म्हणजे झालं काय? आपली बोट, शेजारच्या दोन बोटी आणि अर्थिंगची जमिनीतली तांब्याची पट्टी असे सगळे मिळून एक मोठा सेल तयार झाला. शेजाऱ्याने जस्त लावलेलंच नसेल, तर त्याचा पंखा राखायची जबाबदारी आपल्या जस्तावर येते. अर्थिंगची पट्टीही तेच राखतं. आपलं जस्त लष्कराच्या भाकऱ्या भाजतं, म्हणा ना! आणि ते संपलं की उतरंडीतला पुढचा नंबर लागतो. आधी लोखंडी सामान, मग पितळ. पितळातलं जस्त निघून गेलं की मागे गुलाबी, पोकळ तांबं उरतं. दिसायला पंखा अख्खा, पण टोकरलं की ठिसूळ. भर समुद्रात पातं तुटलं तर बोट नुसती ओंडक्यासारखी तरंगते.

हिशेबच करायचा तर असा करा. एक अँपिअरचा प्रवाह वर्षभर वाहिला तर साडेदहा ते अकरा किलो जस्त खाऊन टाकतो. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे फक्त १०० मिलिअँपिअर, वर्षाला किलोभर जस्त खातो. एवढा प्रवाह ऐकायला किरकोळ वाटतो, पण पाण्याखाली तो आपला ठोकळा गिळून बसतो. आणि हे होण्यासाठी चार्जर चालू असावाच लागतो असंही नाही. बटण बंद केलं तरी हिरवी तार जोडलेलीच राहते. प्लग उपसून काढला तरच वाट तुटते.

मग तार का तोडायची नाही?

कारण ती तार जस्तासाठी लावलेली नसते, माणसासाठी लावलेली असते. बोटीवर ओल, खार आणि हादरे कायमचे. चार्जरच्या आतलं आवरण आज ना उद्या फाटतंच. त्या दिवशी पेटीत २३० व्होल्ट उतरतात. हिरवी तार जागेवर असेल तर ही वीज जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा ट्रिप स्विच पडतो. बोटवाला चार शिव्या घालतो, पण जिवंत राहतो. तार कापलेली असेल तर पेटी, इंजिन आणि शाफ्ट सगळं जिवंत विजेचं होऊन बसतं आणि काहीच ट्रिप होत नाही. ओल्या पायांनी जो पहिला माणूस इंजिनाला हात लावेल, तो त्या विजेची वाट होतो. पावसाळ्यात खाडीला गोडं पाणी उतरतं, तेव्हा धोका आणखी वाढतो. तिथे बोटीजवळ पोहणारं पोर मग आपलं असो की शेजाऱ्याचं.

शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मोटारीच्या स्टार्टरची पेटी अर्थिंगवाचून ठेवल्यामुळे माणूस चिकटला किंवा म्हैस दगावली, अशा बातम्या दर पावसाळ्यात आपण वाचतो. पंपाजवळ जी चूक जीव घेते, तीच चूक बोटीवर जस्त वाचवण्याच्या नावाखाली करायची का? जस्ताचा ठोकळा बाजारात मिळतो. घरचा कर्ता माणूस मिळत नाही.

बोटवाल्याने काय करावं

पहिला उपाय सर्वांत स्वस्त, आणि आपल्या बापजाद्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. लहान होडीवाला बॅटरी खांद्यावर मारून घरी नेतो, रात्री चार्जिंगला लावतो आणि पहाटे परत आणतो. काही तरुण मुलांना यात कमीपणा वाटतो. पण शास्त्राच्या दृष्टीने याहून चांगला बंदोबस्त नाही. होडी आणि किनारा यांच्यात तारच नाही, म्हणजे झीजही नाही आणि शॉकही नाही. होडीवर लहानसं सोलर पॅनल बसवून बॅटरी भरली तरी हाच फायदा मिळतो.

दुसरं, बोट मोठी असेल आणि वायर आणणं भाग असेल तर बॅटरी भरली की प्लग काढा. 'राहू दे, सकाळी काढू' ही सवयच जस्त खाते. दोन पिनांचा स्वस्त चार्जर आणून 'यात हिरवी तारच नाही' असं समाधान मानू नका. ओल्या बोटीवर तो तार कापलेल्या चार्जरचाच भाऊ समजा.

तिसरं, गॅल्व्हानिक आयसोलेटर नावाची एक छोटी पेटी मिळते. ती हिरव्या तारेत मधोमध बसवतात. आत दोन-दोन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. साधारण सव्वा व्होल्टपर्यंतच्या दाबाला ते दाद देत नाहीत, त्यामुळे जस्त-ब्राँझचा पाऊण व्होल्ट तिथेच अडतो. पण चार्जरमध्ये बिघाड होऊन मोठी वीज उतरली, तर तिला मात्र पूर्ण वाट देतात. म्हणजे 'अलार्म' जहाजावरच्या कागदाचं काम होतं आणि अर्थिंगही शाबूत राहतं. ही पेटी बोटीसाठीच बनवलेली, खात्रीची घ्यावी. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले सुटे डायोड जोडून जुगाड करू नये, कारण बिघाडाच्या क्षणी ते जळून गेले तर तार तुटल्यासारखंच झालं.

चौथं, जस्ताची निगा. महिन्यातून एकदा ओहोटीला बोट टेकली की ठोकळा पाहा. अर्धा झिजला की बदला. त्यावर रंग कधीही मारू नका, रंगाखालचं जस्त काम करत नाही. ठोकळा शाफ्टला किंवा धातूला घट्ट, घासून स्वच्छ केलेल्या जागी बसला पाहिजे. आणि वर्षभरात ठोकळा जराही झिजला नाही, तर खूश होऊ नका. तो जोडलेलाच नाही आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी झिजतंय, असा त्याचा अर्थ. खाडीच्या गोड्या-खाऱ्या पाण्यात बोट जास्त राहत असेल तर ॲल्युमिनियमचे ठोकळे अधिक चांगले चालतात. पण एकाच बोटीवर दोन जातींची सरमिसळ नको.

पाचवं, जास्त जस्त म्हणजे जास्त रक्षण, असं मानू नका. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने जहाजांच्या तांब्याच्या तळाला जस्त आणि लोखंड लावून दाखवलं. तांबं झिजायचं थांबलं खरं, पण थोडं थोडं झिजणारं तांबंच शेवाळ आणि शिंपले यांना दूर ठेवत होतं. ते थांबल्यावर तळ शिंपल्यांनी भरले आणि जहाजं मंदावली. आपल्या लाकडी बोटींना वेगळाच त्रास होतो. जस्त फार झालं तर ब्राँझच्या बोल्टाभोवती अल्कली तयार होते आणि लाकूड मऊ पडून त्याचा भुसा होतो. बोल्टाभोवती पांढरी पूड दिसली तर आणखी जस्त ठोकू नका, एखादा ठोकळा कमी करा.

सहावं, बोटीतल्याच बॅटरीच्या तारा. तळाच्या साचलेल्या पाण्यात पंपाच्या तारेचा उघडा सांधा पडला असेल तर तिथून गळणारी वीज वर सांगितलेल्या पाऊण व्होल्टापेक्षा कितीतरी झपाट्याने धातू खाते. महिन्यांचं काम दिवसांत होतं. सांधे उंचावर घ्या आणि पाण्यापासून बंद करा. पाण्यातल्या बोटीवर वेल्डिंग करायचं झालं तर मशीनची परतीची तार ज्या तुकड्यावर काम चाललंय त्यालाच, जवळ लावा. लांब जेटीच्या लोखंडाला लावलीत तर प्रवाह पाण्यातून वाट काढतो आणि जाताना आपला हिस्सा घेऊन जातो.

सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीचे संचालक यांच्यासाठी

आता गावकारभाऱ्यांशी दोन शब्द. वर सांगितलेलं सगळं एकट्या बोटवाल्यावर टाकून भागणार नाही. शेजाऱ्याच्या बोटीला जस्त नसेल तर झीज आपल्याला लागते, हे आपण पाहिलं. म्हणजे हा खासगी नाही, सामायिक प्रश्न आहे. बांधाबांधाने पाणी सोडायचं तर गाव एक व्हावं लागतं, तसाच.

सध्या बहुतेक ठिकाणी बोटीला वीज हवी असली की जवळचं घर, दुकान किंवा बर्फाची खोली बघून एक वायर ओढली जाते. ती वाळूवरून, चिखलातून, माणसांच्या पायाखालून जाते. जोडणी कुणाची, जबाबदारी कुणाची, काही पत्ता नसतो. हे थांबवायचं असेल तर 'वायर ओढू नका' अशी नुसती पाटी लावून उपयोग नाही. वीज घ्यायची एक बरी जागा गावानेच करून दिली पाहिजे.

त्यात काय काय असावं? भरतीच्या पाण्याच्या वर बसवलेली, झाकण असलेली सॉकेटची पेटी. प्रत्येक सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. त्यावरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं आणि वहीत नोंद करायची. अर्थिंगचा खड्डा दरवर्षी परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यायचा. आणि जिथे मोठ्या बोटी रात्रभर जोडलेल्या राहतात, तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. या यंत्रात वीज एका गुंडाळीतून दुसऱ्या गुंडाळीत चुंबकत्वाने जाते, तारेने नाही. त्यामुळे बोट आणि किनारा यांच्यात धातूची वाट राहत नाही, जस्त आपापल्या बोटीपुरतंच झिजतं. बोटीच्या बाजूचं अर्थिंग आणि न्यूट्रल त्यात नीट जोडावं लागतं, म्हणून हे काम जाणत्याच्याच हातून व्हावं. एकेका बोटीला हा खर्च जड जाईल. सोसायटीने मिळून केला तर वाटणीला फार येत नाही.

हा विषय ग्रामपंचायत विकास आराखड्यात मांडता येतो. मच्छीमार सोसायटीच्या सभेत ठराव करता येतो. तांत्रिक सल्ल्यासाठीही अंधारात चाचपडायची गरज नाही. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून मासेमारी बोटींच्या प्रश्नांवर काम करते आहे, आणि बोटींचा गंज हा तिच्या अभ्यासातला विषय आहे. मत्स्यव्यवसाय विभागामार्फत एखादं शिबिर गावात घ्यायला काय हरकत आहे? आम्ही भातावर शिबिरं घेतो तेव्हा मंडपात निम्मे लोक कोळीवाड्यातले असतात. एक दिवस त्यांच्या होडीसाठी मंडप घालू.

कुणी म्हणेल, आमच्याकडे कुठे एवढ्या बोटींना वीज लागते? आज कमी लागत असेल. पण जीपीएस आला, मासे दाखवणारं यंत्र आलं, वायरलेस आला, दिवे आले. बॅटऱ्या वाढल्या तसे चार्जरही वाढणार. मोठ्या बंदरांत जहाजांना किनाऱ्यावरून वीज देण्याचा आग्रह केंद्राच्या २०२३ च्या 'हरित सागर' मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. मोठ्या बंदरात जे आज होतं ते उद्या धक्क्यावर येतं. वीज आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी बांध घातलेला बरा.

बंधूंनो, तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. एवढी वीज ज्या किनाऱ्यावर जन्मते, त्या किनाऱ्यावरचा एकही खलाशी एका कापलेल्या तारेपायी जाऊ नये, एवढंच मागणं आहे.

त्या बोटवाल्याला मी त्या दिवशी एकच गोष्ट करायला लावली. हिरवी तार जागेवर ठेवून प्लग काढायला लावला. नारळी पौर्णिमेला बोटी पुन्हा दर्यात लोटाल, त्याआधी बोट उपसलेली असतानाच तळाशी वाकून बघा. ठोकळा किती उरलाय, पंख्याचा रंग काय झालाय, चार्जरची हिरवी तार कुठे जातेय, तेवढं पाहून घ्या. शेतकरी बंधूंनी आपल्या पंपाची पेटीही त्याच दिवशी उघडून पाहावी. तार तुटलेली दिसली तर ती जोडून घेतल्याशिवाय बटण दाबू नका.